मार्लिस लेहतोने न बांधलेले आठ डेक

ओटिली क्विस्ट यांच्या घरामागचा डेक, खांबांवरचा उघडा लाकडी ओटा, रविवारी दुपारी कोसळला, आणि मंगळवारी सकाळपर्यंत अख्ख्या आल्डर बे गावाने ठरवूनही टाकलं की तो मार्लिस लेहतोने बांधला होता.

मार्लिसला हे कळलं हार्डवेअरच्या दुकानात. ती जस्त चढवलेले बोल्ट घ्यायला गेली होती. स्टोव्हजवळ नेहमीचे तिघेचौघे कॉफीचे कप घेऊन बसले होते, ते ती आत येताच गप्प झाले. गल्ल्यावर डेल्बर्ट होता. त्याच्याकडून ती तीस वर्षं सामान घेत आली होती. त्याने बोल्ट कागदी पिशवीत मोजून टाकले आणि मान वर न करता म्हणाला, "बोल्ट कशाला घेतेस, मार्लिस? तुझं तर खिळ्यांवर भागतं म्हणे."

मागे कोणीतरी खुसखुसलं. तिला काय ते समजेना म्हणून ती बघत राहिली, तेव्हा डेल्बर्टने गावचं साप्ताहिक तिच्यासमोर सरकवलं. पहिल्या पानावर पडलेल्या डेकचा फोटो होता. भिंतीपासून उखडलेला, एका बाजूने जमिनीला टेकलेला, आणि त्याच्या उतारावर केक, खुर्च्या, कागदी बशा. ओटिली क्विस्ट यांचा एक्याऐंशीवा वाढदिवस होता. तीन आठवड्यांनी ऊन पडलं म्हणून सगळी मंडळी बाहेर आली होती. नऊ माणसं खाली गेली. आठ जणांचं खरचटण्यावर भागलं. ओटिलीबाईंचं मात्र खुब्याचं हाड आणि मनगट मोडलं होतं.

फोटोखाली घरं बांधणाऱ्या ग्रेडी स्ट्राउडचं म्हणणं छापलं होतं. टेकडीवरच्या या घरांच्या डेकचं काम आम्ही मार्लिस लेहतो या स्थानिक सुतारणीकडे सोपवलं होतं, तशी कागदोपत्री नोंद आहे, झाल्या प्रकाराचं आम्हालाही अतोनात दुःख आहे.

तिने ते दोनदा वाचलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे फाशीचा दोरही चोरानेच वळला होता. तळपायाची आग मस्तकाला गेली. बोल्टची पिशवी तिथेच टाकून ती बाहेर पडली, आणि गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की न बोलता निघून आल्यामुळे त्या चौघांची खात्रीच पटली असणार.

मार्लिसचे वडील उर्हो लेहतो मासेमारीच्या होड्या बांधायचे. घरात फिनिश बोलत, वडिलांना ती इसा म्हणायची. होड्यांच्या शेडमध्ये तिचं बालपण गेलं. इसा तिला फळीवर मुठीने ठोकून आवाज ऐकायला लावायचे. टणक लाकूड खणखणतं, आतून कुजायला लागलेलं लाकूड भोपळ्यासारखं बोलतं. पाण्याशी भांडायचं नसतं, त्याला बाहेर जायची वाट ठेवायची असते, हे ते इतक्यांदा सांगत की तिला त्याचा कंटाळा यायचा. पुढे मासळी कमी झाली, होड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, शेड बंद पडली. मार्लिसने दोन वर्षं मासे डबाबंद करायच्या कारखान्यात काढली आणि मग घरबांधणीच्या कामावर गेली. तिथल्या पुरुषांनी पहिले सहा महिने तिच्या हातात फक्त झाडू दिला. एकदा एक सुतार आजारी पडला म्हणून तिला पाद्रीबाबांच्या घराचा डेक करायला सांगितलं. तो डेक आजही उभा आहे. त्यानंतर गावात मागच्या दाराला डेक हवा असला की लोक तिलाच विचारू लागले.

आल्डर बेमध्ये वर्षातले दोनशे दिवस पाऊस असतो. तो कोसळत नाही, नुसता राहतो. लाकूड वाळायला सवडच मिळत नाही. अशा ठिकाणी डेक कशाने मरतो म्हणून विचारलं तर लोक वरच्या फळ्यांवरचं शेवाळ दाखवतात. शेवाळ घासून काढता येतं. डेक मरतो भिंतीपाशी. घराच्या भिंतीला एक जाड आडवी तुळई जखडलेली असते, सगळे वासे तिच्यावर टेकतात. ती तुळई आणि भिंत यांच्यामध्ये पाणी शिरलं की ते बाहेर येत नाही. म्हणून आधी भिंतीची फळी काढायची, तुळई आतल्या लाकडाला आरपार बोल्टने आवळायची, आणि वरून पत्र्याची वाकवलेली पट्टी अशी बसवायची की तिचं एक अंग भिंतीच्या आत जाईल आणि दुसरं तुळईवरून पुढे येईल. या पट्टीला अर्धा दिवस लागतो, आणि काम संपल्यावर ती कोणाला दिसत नाही. न दिसणाऱ्या कामावरच माणसाची परीक्षा होते, आणि तिथेच ग्रेडी स्ट्राउड नापास झाला होता.

नऊ वर्षांपूर्वी स्ट्राउडने खाडीवरच्या टेकडीवर बारा घरं बांधायला काढली, निवृत्त माणसांसाठी. घरं छोटी, एकमजली, पण उतारावर असल्यामुळे मागचा डेक जमिनीपासून पुरुषभर उंच. डेकचं काम मार्लिसला दिलं होतं. पहिले चार तिने तिच्या पद्धतीने केले. पाचव्या घराच्या दिवशी स्ट्राउड स्वच्छ बूट घालून आला, घड्याळ बघितलं, आणि म्हणाला की एका डेकला तीन दिवस परवडत नाहीत, दीड दिवसात झाला पाहिजे. भिंतीची फळी काढायची नाही, तिच्यावरूनच तुळई ठोकायची. पट्टी नको. बोल्टऐवजी मोठे खिळे. खांब थेट मातीतल्या काँक्रीटमध्ये.

मार्लिसने त्याला समजावलं. असा डेक पाचसात वर्षं दिसायला ठीक राहील, मग एक दिवस भिंतीतून सुटेल. स्ट्राउडने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "मार्लिस, घेणारी सगळी सत्तरीची माणसं आहेत. वीस वर्षांचा विचार आपण कशाला करायचा?"

तिने त्याचा हात झटकला, हत्यारं गोळा केली, गाडीत टाकली आणि निघून आली. दुसऱ्या दिवसापासून तिकडे बाहेरून आणलेली माणसं दिसू लागली. बाराही घरांच्या कागदांवर स्ट्राउडच्या ऑफिसने सुरुवातीलाच तिचं नाव घालून ठेवलं होतं, ते कोणी खोडलं नाही. मार्लिसला याची गंधवार्ता नव्हती.

आता असं झालं की जिला काम करू दिलं नाही, तिलाच त्या कामाची मालकीण केलं. बुधवारी चर्चच्या स्वयंपाकघरात दोघी बायकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. ज्यांच्या घरी पुढच्या आठवड्यात काम सुरू व्हायचं होतं, त्यांचा निरोप आला की सध्या राहू दे. तिने स्ट्राउडच्या ऑफिसला तीन फोन केले. तिन्ही वेळा एका मुलीने सांगितलं की साहेब मीटिंगमध्ये आहेत. साप्ताहिकाच्या संपादकाला भेटली तर तो म्हणाला, कागदावर तुमचं नाव आहे बाई, आम्ही काय करणार. कागद स्ट्राउडने लिहिला आणि खरं-खोटं तिने सिद्ध करायचं, हा कुठला न्याय, असं तिने त्याला विचारलं. तरी त्याने पुढच्या अंकात काही छापलं नाही.

गुरुवारी ती ओटिली क्विस्ट यांना भेटायला गेली. त्या आता शुश्रूषागृहात होत्या.

मार्लिसच्या पिढीला त्या मिस ओटिली म्हणूनच माहीत होत्या. चौतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. बसमध्ये आवाज चढला की त्या गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करत आणि शांतता होईपर्यंत विणकाम करत. मार्लिस चौथीत असताना एकदा पुरात नदीवरचा पूल हलायला लागला होता. मिस ओटिलींनी बस अलीकडेच थांबवली. मुख्याध्यापक दुसऱ्या गाडीतून येऊन ओरडले, पूल उभा दिसतोय की, मुलांना उशीर होतोय. त्यांनी बस पुढे नेली नाहीच. उलट रस्त्याच्या मधोमध छत्री घेऊन उभ्या राहिल्या आणि मागून येणारी एकूण एक गाडी अडवली. तासाभराने पूल गेला. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती.

पलंगावर त्या फार लहान दिसत होत्या. हात प्लास्टरमध्ये होता. मार्लिसने वेलदोड्याचा पाव आणला होता, तो टेबलावर ठेवला, आणि बसायच्या आधीच बोलायला लागली. तो डेक आपण बांधलेला नाही, पहिले चार तेवढे आपले, उरलेल्या आठांना आपण हातही लावला नाही, पट्टीवरूनच तर भांडण झालं होतं, स्ट्राउड काय म्हणाला, आपण कशा निघून आलो. सगळं एका दमात सांगितलं.

मिस ओटिलींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तुला माहीत होतं?"

"काय?"

"की आठ डेक वाईट बांधलेत. नऊ वर्षं माहीत होतं तुला."

मार्लिस म्हणाली की पुढे त्यांनी नेमकं कसं बांधलं ते आपण पाहिलं नव्हतं, कदाचित कोणी सुधारलं असेल असं वाटलं होतं. बोलता बोलताच तिला स्वतःचा आवाज पोकळ लागला.

"मी बस पुलावरून नेली नाही," मिस ओटिली म्हणाल्या, "पण घरी जाऊन गप्पही बसले नाही. तू तुझी हत्यारं उचललीस आणि निघालीस. आम्ही राहायला आलो, तेव्हा माझ्या दारावर टकटक करून एवढं सांगितलं असतंस, मिस ओटिली, मागच्या बाजूला फार उभ्या राहू नका. तेवढंही नाही."

मार्लिसला रागच आला आधी. आपल्यावर अन्याय झालाय आणि ही बाई आपल्यालाच धारेवर धरतेय. मी काय गुन्हा केला, मी तर काम सोडलं, रोजी सोडली, हे शब्द ओठावर आले होते. पण समोर ते प्लास्टर होतं. ती उठली. दारापर्यंत गेल्यावर मिस ओटिलींनी हाक मारली आणि म्हणाल्या की पावाला छान वास येतोय, पण तो कापायला आपल्याला एकच हात आहे, तेवढा कापून जा. तिने सगळा पाव कापून ठेवला.

घरी जाताना तिने गाडी खालच्या रस्त्याने घेतली. तिथून टेकडीवरची बारा घरं पाठीमागून दिसतात. या रस्त्याने ती नऊ वर्षांत शेकडो वेळा गेली होती, आणि प्रत्येक वेळी नजर खाडीकडे ठेवली होती. आज तिने गाडी थांबवून पाहिलं. सातव्या, म्हणजे मिस ओटिलींच्या, घरामागे उघडी भिंत आणि धोक्याची पिवळी फीत. बाकीचे अकरा डेक जागेवर. नवव्या घराच्या डेकवर कोणीतरी लहान मुलांसाठी झोपाळा टांगत होतं.

त्या क्षणी तिला आपल्या नावाचा विसर पडला असं मी म्हणणार नाही. नावाची चीड होतीच, ती शेवटपर्यंत राहिली. पण अजून सात डेक भिंतीला लटकले होते आणि वसंत ऋतू तोंडावर आला होता. ऊन पडलं की माणसं बाहेर येणार. स्ट्राउडला हे ठाऊक होतं. त्याने वकील गाठला, पेपर गाठला, पण त्या सात घरांत एक फोन केला नव्हता, कारण फोन करणं म्हणजे कबूल करणं. आणि आपणही नऊ वर्षं तेच केलं, हे तिला सहन होईना.

शनिवारी तिथल्या रहिवाशांची सभा होती. मार्लिस न बोलावता गेली. सभेचे अध्यक्ष हॉलिस फेन, नवव्या घरातले, उंच, रुंद, जन्मभर ओंडक्यांचा ट्रक चालवलेले. तिला बघून कुजबूज सुरू झाली. एक बाई उठून जायला निघाल्या. मार्लिस दारातच उभी राहून म्हणाली की पाच ते बारा नंबरच्या घरांतल्या कोणीही आपल्या डेकवर पाऊल ठेवू नका, आणि आजच्या आज भिंतीजवळची एक फळी उघडून बघा.

फेन म्हणाले, "म्हणजे डेक तुझाच, उघडणार तूच, आणि कोणाचा दोष हेही तूच सांगणार. बरं आहे की. आम्ही कॉफी पाजायची का?"

लोक हसले. बोलणं खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त झोंबलं.

"मी हातसुद्धा लावणार नाही," मार्लिस म्हणाली. "फळी तुम्ही काढा. स्क्रूड्रायव्हर तुमच्या हातात. कुठे टोचायचं तेवढं मी लांबून सांगते. पहिल्या घरापासून सुरू करा. आणि हॉलिस, तुम्ही आयुष्यभर लाकूड वाहिलंय. चांगलं कुठलं आणि सडकं कुठलं हे तुम्हाला माझ्याकडून शिकायचं नाही."

फेन उठले. त्यांनी कोट चढवला.

पाऊस भुरभुरत होता. वीसेक माणसं छत्र्या नि टोप्या घालून पहिल्या घराच्या मागे जमली. फेननी गुडघे टेकून भिंतीलगतची फळी उचकटली. खाली पत्र्याची पट्टी होती, काळपट झालेली पण शाबूत. पट्टीखाली तुळई. त्यांनी स्क्रूड्रायव्हर रेटला. टोक पाव बोटभरही आत जाईना. दुसरं घर, तिसरं, चौथं, सगळीकडे तेच. चौथ्या घराच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतः टोचून पाहिलं आणि टणक आहे म्हणून मान्य केलं.

पाचव्या घरी फेननी डेकवर न चढता दारातूनच वाकून फळी काढली, तेव्हाच ओल्या भुईछत्राचा वास आला. पट्टी नव्हती. भिंतीच्या रंगवलेल्या फळीवरच तुळई ठोकलेली, खिळ्यांभोवती गंजाच्या काळ्या धारा. फेननी स्क्रूड्रायव्हर लावला आणि जेमतेम दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी बाहेर ओढला तर टोकाला तपकिरी लगदा आला. सहाव्या घरी त्यांना दाबावंही लागलं नाही. सातवं वगळून आठव्या घरी गेले. तिथली बाई रोज सकाळी त्या डेकवर पाखरांना दाणे टाकायची. ती दारातून पुढे आलीच नाही.

नवव्या घराशी आल्यावर फेन जरा थांबले. मग वाकले, फळी काढली, टोचलं. काहीतरी मऊ दाबल्याचा आवाज झाला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर तसाच रुतलेला ठेवला आणि ते उठले. ईस्टरला त्यांची चार नातवंडं यायची होती. झोपाळा त्यांनीच टांगला होता. त्यांनी झोपाळ्याची दोरी चाकूने कापली, झोपाळा खाली गवतात फेकला, आणि मग मार्लिसकडे वळून जवळजवळ ओरडले, की हे तिने नाही बांधलं तर कोणी बांधलं.

"ते मी नाही बघितलं," ती म्हणाली. "जूनमध्ये मी काम सोडलं. पुढचं तुमच्यातल्या कोणी पाहिलं असेल तर."

फेन आत गेले. बराच वेळ आले नाहीत. लोक पावसात ताटकळले. आले तेव्हा त्यांच्या कोटाखाली फोटोंचा एक जाड आल्बम होता. नवं घर होत असताना दर आठवड्याला येऊन त्यांनी नि त्यांच्या दिवंगत बायकोने हौसेने फोटो काढले होते, पाया, भिंती, छप्पर, सगळं. त्यांनी वळचणीखाली आल्बम उघडला. ऑगस्टच्या पानावर तीन अनोळखी पोरगेले पुरुष फेनच्या भिंतीला तुळई ठोकत होते. भिंतीची फळी जागेवर, पट्टी कुठे नाही, हातात हातोडे. बाजूला स्वच्छ बुटांत ग्रेडी स्ट्राउड उभा, हसून कॅमेऱ्याकडे बघत, झकास म्हणून अंगठा वर करून.

"नऊ वर्षं माझ्याच कपाटात होतं हे," फेन म्हणाले. ते मार्लिसकडे बघत नव्हते. मग म्हणाले, "सभेत बोललो ते मागे घेतो."

ती म्हणाली, आधी उरलेली तीन घरं बघू या. तिन्ही तशीच निघाली.

पुढे आल्बम साप्ताहिकात गेला, विमा कंपनीकडे गेला, वकिलांकडे गेला. पडलेल्या डेकची बातमी पहिल्या पानावर होती. दुरुस्तीच्या चार ओळी सहाव्या पानावर आल्या, भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली: डेकच्या कामाबाबत श्रीमती लेहतो यांचा उल्लेख अनवधानाने झाला होता. अनवधानाने. मार्लिसने तो शब्द मोठ्याने वाचला आणि तिला अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते कळलं. डेल्बर्टने तिच्या बोल्टच्या पिशवीत मूठभर जास्त टाकले. तिने ते मोजून परत गल्ल्यावर ठेवले. तिला माफी हवी होती, बोल्ट नको होते. ती काही त्याने मागितली नाही.

स्ट्राउड एकदाच आला. मे महिन्यात सातव्या घराचे अवशेष उतरवायचं काम चालू होतं. मार्लिस, फेन आणि रहिवाशांपैकी आणखी दोघं कुजकी तुळई ओढून काढत होते. स्ट्राउड गाडीतून उतरला आणि तिला बाजूला घेऊन म्हणाला की मनावर घेऊ नकोस, वकिलाने लिहायला लावलं, धंद्यात असं चालतं. मग म्हणाला की आठही डेक नव्याने करायचे आहेतच, तर आपल्या कंपनीतर्फे तूच कर, झालं गेलं विसरून जाऊ.

मार्लिसने हातमोजा काढला. तुळईतला ओल्या केकसारखा भुगा मूठभर उचलला, स्ट्राउडचा हात धरून उताणा केला आणि त्यात ठेवला. "वीस वर्षांचा विचार कशाला करायचा, असं म्हणाला होतास," ती म्हणाली. "मिस ओटिली एक्याऐंशीच्या आहेत. त्या शुश्रूषागृहात आहेत. जाऊन भेट. हे दाखव. मग ये बोलायला."

तो गेला. शुश्रूषागृहात गेला नाही. शरदातला पाऊस सुरू व्हायच्या आत त्याने ऑफिसची पाटी उतरवली आणि अॅरिझोनाच्या वाळवंटात, जिथे लाकूड उघड्यावर पडलं तरी कुजत नाही, तिथे घरं बांधायला गेला म्हणे. त्याला काहीही झालं नाही. हे सांगताना फेन आजही मुठी आवळतात.

आठ डेक मार्लिसने रहिवाशांसाठी बांधायला घेतले, पहिला सातव्या घराचा. या वेळी तिने तो घराला जोडलाच नाही. भिंतीपासून तीन बोटं सोडून तो स्वतःच्याच चार पायांवर उभा केला, म्हणजे भिंतीत पाणी शिरायचा प्रश्नच नको. काँक्रीटचे पाये जमिनीच्या वर वीतभर आणले, त्यांवर लोखंडी बैठका, त्यांवर खांब, म्हणजे लाकडाचा पाय कधी ओलीत राहायला नको. खालची माती काढून खडी पसरली. जिथे जिथे करवत लागली तिथे उघड्या पडलेल्या टोकांना कुज रोखणारं औषध पाजलं, एकदा नाही, दोनदा, कारण लाकूड टोकाने पाणी पितं. वाशांच्या माथ्यावर डांबरी पट्टी चिकटवली. वरच्या, सीडर लाकडाच्या फळ्यांमध्ये पेन्सिलीएवढी फट ठेवली आणि प्रत्येक फट पेन्सिल घालून तपासली. फेन तिच्या हाताखाली काम करत होते आणि दर दोन तासांनी म्हणत होते की बाई, हा डेक आहे, पूल नाही. ती म्हणायची, स्क्रू द्या.

मनात मात्र ती कोणाशी तरी सतत भांडत होती. कधी स्ट्राउडशी, कधी साप्ताहिकाच्या संपादकाशी, पण बहुतेक वेळा त्या नऊ वर्षांपूर्वीच्या बाईशी, जी हत्यारं गाडीत टाकून मान ताठ ठेवून निघून आली होती आणि तेवढ्यावर स्वतःला प्रामाणिक समजत होती.

जुलैत मिस ओटिली घरी आल्या. चालताना आधाराला चार पायांची चौपायी धरून. मार्लिस मागच्या दाराशी वाट बघत होती. मिस ओटिली दारापर्यंत आल्या, उंबऱ्याशी थांबल्या आणि डेककडे बघत राहिल्या. नव्या सीडरचा लाल रंग पावसाने आणखी गडद झाला होता. त्यांनी एक पाय उचलला आणि परत आत ठेवला.

"नको," त्या म्हणाल्या. "दारातूनच बघेन मी."

मार्लिसने पाये, बैठका, बोल्ट, सगळं सांगायला सुरुवात केली. मिस ओटिलींनी हात वर केला.

"चांगला असेल. तेव्हाचाही दिसायला चांगलाच होता." मग म्हणाल्या, "तू खाली उभी राहशील? मी वर असताना?"

मार्लिस बाजूच्या पायऱ्यांनी उतरली, ओल्या गवतातून वळसा घातला आणि डेकच्या खाली, बरोबर मध्यावर, खडीवर जाऊन उभी राहिली. डोक्यावर बोटभर अंतरावर वासे होते. फळ्यांच्या फटींतून पाण्याचे थेंब सरळ खाली येत होते, कुठेही न अडकता.

"उभी आहे," तिने हाक दिली.

वर बराच वेळ काही हललं नाही. मग चौपायीचे रबरी पाय टेकल्याचा आवाज आला. थप्प. एक पाऊल. पुन्हा थप्प. फटीतून चपलांचे तळवे दिसले, निळे. ते तिच्या डोक्यावरून पुढे गेले, थांबले, कठड्यापर्यंत पोचले. डेकने हूं की चूं केलं नाही. आपल्याला भीती वाटतेय याचं मार्लिसला आश्चर्य वाटत होतं. तीस वर्षांत तिने आपल्या कामाखाली उभं राहून पाहिलं नव्हतं.

चपला वळल्या आणि दाराकडे निघाल्या. मध्यावर येऊन थांबल्या.

"राग गेलेला नाही माझा," वरून आवाज आला.

"माझाही नाही," मार्लिस म्हणाली.

"तू आहेस ना अजून तिथे?"

"आहे."

"मग थांब तशीच. मी आणखी एक फेरी मारते."